अक्काच्या खिळ्यांवरचे एक्केचाळीस नमुने

"आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकसुद्धा माणूस विश्वास ठेवणार नाही. ठेवूच नका! मी स्वतः तिथं नसतो तर मीही ठेवला नसता. अक्काचे हरवलेले एक्केचाळीस नमुने मी या दोन कानांनी परत आणले. हातांनी नाही, डोळ्यांनी नाही, कॉम्प्युटरनं तर नाहीच नाही. कानांनी!"

एवढं बोलून मी खुर्चीत ऐसपैस बसलो आणि कुणी हसतंय का ते बघितलं. मागं दोघंजण हसत होते. चालतंय. सुरुवातीला तेवढे पुरतात.

गेल्या रविवारची गोष्ट. राजारामपुरीतल्या एका क्लासच्या हॉलमध्ये लिनक्सवाल्यांची, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्सवर कॉम्प्युटर चालवणाऱ्यांची, बैठक भरली होती. तीस-पस्तीस माणसं. बोलायचं होतं शांभवीनं, म्हणजे माझ्या अक्काच्या नातीनं. विषय काय, तर पॅकेजमधून आलेलं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरात कुठल्या फोल्डरात ठेवायचं आणि ते कुणी ठरवायचं. पण प्रोजेक्टरची वायर काही केल्या बसेना. एकजण दुसरी वायर आणायला बाजारात पळाला, आणि बैठक भरवणारा वीरेश माझ्याकडं आला.

"दादा, पंधरा मिंटं काढा की. तुमी बोलायला लागला की माणसं उठत न्हाईत."

"उठत न्हाईत, कारण मी दारात बसतो," मी म्हणालो.

सगळं गाव मला दादा म्हणतं. पहिल्या रांगेत शांभवीशेजारी बसलेली अक्का तेवढी 'बसू' या लहानपणच्या नावानं हाक मारते. अक्काचं नाव रत्नव्वा. हुपरीची. माझ्याहून सहा वर्षांनी थोरली. मी सत्तरी ओलांडली, चौतीस वर्षं उद्यमनगरातल्या फौंड्रीचं स्टोअर सांभाळलं, शंभर माणसं माझ्या सहीशिवाय एक बोल्ट उचलत नव्हती. पण त्या दिवशी हॉलच्या दारात अक्कानं मला थांबवलं आणि पदरानं माझ्या शर्टावरचा चटणीचा डाग पुसला. तीस माणसांदेखत.

तर, मी सांगायला लागलो.

हुपरीत चांदीचं पैंजण एका घरात तयार होत नाही. एक घर तार ओढतं, दुसरं कड्या वळतं, तिसरं जोड झाळतं, चौथं घुंगरं करतं, पाचवं पॉलिश करतं. दुपारच्या वेळी बोळातून लगबगीनं चाललेल्या बाईची पिशवी उघडून बघा, आत कुणाचं तरी अर्धं पैंजण सापडेल. नवख्या माणसाला वाटतं, हा काय पसारा! एका छपराखाली का करत नाहीत? पण तो पसारा नव्हे. कुठलं काम कुठल्या दारात, हे सगळ्या गावाला पाठ आहे. तार कच्ची निघाली तर पॉलिशवाल्याशी भांडायला कुणी जात नाही.

लिनक्स म्हणजे तशीच एक हुपरी. एक प्रोग्रॅम बसवला की तो एका घरात पाय पसरून बसत नाही. त्याचा चालणारा भाग यूएसआर नावाच्या मोठ्या फोल्डरातल्या बिनमध्ये जातो. चार प्रोग्रॅमना मिळून लागणारं सामान लिबमध्ये. चित्रं, नमुने, माहिती असलं सगळं शेअरमध्ये. सेटिंग इटीसीत. आणि रोज बदलणारं काही असलं तर ते व्हारमध्ये. हे सगळं कुठं जायचं ते ज्याचं त्याचं डिस्ट्रो ठरवतं. डिस्ट्रो म्हणजे लिनक्स बांधून, तपासून, वरचेवर नवं करून घरोघर पोचवणारी मंडळी. आणि बिन हे नाव, तुम्हांला म्हणून सांगतो, आमच्या फौंड्रीतल्या सामान ठेवायच्या लोखंडी बिनांवरनं पडलं.

"दादा, ते बायनरीवरनं हाय, चालणाऱ्या प्रोग्रॅमला बायनरी म्हणत्यात," वीरेश म्हणाला.

"आनि ती तुझी बायनरी ठेवत्यात कशात?"

"बिनमधी."

"मग?"

हॉल हसला. वीरेश खाली बसला. अक्कानं मात्र माझ्याकडं असं बघितलं, जसं तवा तापला का ते बघतात.

शांभवीनं शिकता शिकता एक प्रोग्रॅम लिहिला. नाव ठेवलं तोरडी, म्हणजे आमच्याकडचं पैंजणच. पायाचं माप आणि चांदीचं वजन सांगितलं की कड्या किती, घुंगरं किती, तार केवढी जाड, हे ती सांगते. नमुना पडद्यावर फिरवून दाखवते. वर तारेच्या घराला तारेचा कागद, घुंगरांच्या घराला घुंगरांचा, असा प्रत्येकाला ज्याचा त्याचा कागद छापून देते. हुपरीत लोकांना आवडली. मग एका डिस्ट्रोनं ती पॅकेज करून आपल्यात घेतली. म्हणजे ते लिनक्स ज्यांच्या घरी आहे त्यांनी मागितली की तोरडी आपोआप येणार, आणि नवी निघाली की अपडेटबरोबर तीही नवी होणार.

तोरडीबरोबर एक्केचाळीस नमुने यायचे. शांभवीनंच काढलेले. सरळ, साधे, पट्टी लावून आखल्यासारखे. अक्कानं पडद्यापुढं बसून एकेक बघितला आणि म्हणाली, "ह्या तोरड्या हायत का म्हशीच्या साखळ्या?"

शांभवी रडायच्या बेताला आली. पण अक्काचं बोलणं संपलं नव्हतं.

"सरक तिकडं. म्या सांगते, तू कर."

अक्काची बोटं दोन वर्षांपासून थरथरतात. चिमटा धरवत नाही. साठ वर्षं ज्या बोटांनी तार वळवली त्यांना आता चहाची कपबशी जड होते. म्हणून ती सांगायची आणि शांभवी करायची. "इथं दोन कड्या आडव्या. ह्यो मणी खाली उतरीव. आगं एवढा न्हाय, पाऊल टाकताना टाचेला लागंल की." अख्खा हिवाळा दोघी तेच करत होत्या. साठ वर्षांत अक्काच्या हातानं जे जे चांगलं घडलं होतं ते सगळं त्या एक्केचाळीस नमुन्यांत उतरलं. मी अधनंमधनं जायचो आणि मधेच बोलायचो. मला दोघी चहा करायला पाठवायच्या.

आता घोटाळा कसा झाला तो नीट ऐका, कारण असा घोटाळा हुपरीच्याच माणसाच्या हातनं व्हावा.

तिथं प्रत्येक कारखान्यात भिंतीला एक लाकडी फळी असते. फळीवर खिळे. एका खिळ्याला एक नमुना. कारागिरानं नमुना सुधारला की सुधारलेला त्याच खिळ्याला अडकवायचा आणि जुना मुशीत टाकून आटवायचा. एका नावाचे दोन नमुने फळीवर ठेवायचे नाहीत. ठेवले की कामाला आलेली पोर हटकून चुकीचा उचलते. ही रीत अक्काच्या सासऱ्याच्याही आधीची.

म्हणून शांभवीनं जेव्हा विचारलं, "आज्जी, हा दुसऱ्या नावानं दुसरीकडं ठेवू?" तेव्हा अक्का म्हणाली, "दुसरीकडं कशाला? त्याच खिळ्याला अडकीव."

आणि शांभवीनं मशिनच्या मालकाचा पासवर्ड घातला आणि यूएसआरमधल्या शेअरमध्ये, तोरडीच्या फोल्डरात, त्याच नावावर, त्याच जागी अडकवला. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस.

मी पुढचं काही बोललोच नव्हतो. तरी हॉलमधल्या तीस माणसांनी एकदम चक् केलं.

"यूएसआर शेअरमधीच?" वीरेशनं कपाळाला हात लावला. "आगं शांभवी!"

"आज्जीला न्हाय म्हणून बघ तू एकदा," शांभवी म्हणाली.

ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. यूएसआर ही भिंत डिस्ट्रोची. खिळे डिस्ट्रोचे. नवं अपडेट आलं की डिस्ट्रो आपल्या खिळ्यांवर आपले नवे नमुने अडकवतं, आणि आधी तिथं कुणी काय लावलं होतं ते विचारत नाही. इटीसीतल्या सेटिंगबद्दल पुष्कळदा विचारतं, बाबा, हे तू बदललेलं दिसतंय, तुझं ठेवू का माझं? यूएसआरमध्ये विचारायचं कारणच नाही. स्वतःच्या भिंतीला खिळा मारायला कोण कुणाला विचारतं?

फेब्रुवारीत तोरडीचं अपडेट आलं. कागदावर छापताना एक रेघ तिरकी यायची, तेवढी सरळ केली होती. दीड मिनिटाचं काम. दीड मिनिटानंतर पडद्यावर एक्केचाळीस म्हशीच्या साखळ्या ओळीनं उभ्या.

"बॅकअप?" मागनं कुणीतरी विचारलं.

होता की! रोज संध्याकाळी सहाला व्हायचा. पण शांभवी शहाणी पोर. तिनं तो फक्त होमचा, म्हणजे स्वतःच्या फायलींच्या फोल्डरचा लावला होता. यूएसआर कशाला कॉपी करायचं, ते तर डिस्ट्रोचं, कधीही परत मिळतं. आणि मिळालं बरं का परत. डिस्ट्रोचं जे होतं ते सगळं मिळालं.

"आनि फळीवरचं?" दुसऱ्यानं विचारलं. "खरे, चांदीचे?"

मी अक्काकडं बघितलं. तिनं हात हलवला. सांग म्हणाली.

सुधारलेला नमुना अडकवला की जुना मुशीत, ही रीत; आता पडद्यावरचा नवा आणि फळीवरचा जुना. शांभवीनं शेवटचा नमुना अडकवला त्या संध्याकाळी अक्कानं फळीवरची सगळी चांदी उतरवून आटवून टाकली होती. स्वतः. हात थरथरत असताना.

मागं हसणारे दोघं सरळ होऊन बसले. मला असले चेहरे सोसत नाहीत, म्हणून मी लगेच आजऱ्याला गेलो.

म्हणजे गोष्टीत गेलो. पण गेलतो खरंच. त्या दिवसांत अक्का दुपारी जेवण झालं की रिकाम्या फळीपुढं बसायची. खिळे बघत. रागावली नाही, शांभवीला एक शब्द बोलली नाही. मी गेलो की म्हणायची, "बसू, तेरावा कसा व्हता रं? कैरीच्या खाली काय व्हतं?" मला काय ठाऊक? आणि शांभवी म्हणायची, मी तोरडी काढूनच टाकते डिस्ट्रोमधनं. नाहीतर सगळं उचलून ऑप्ट नावाच्या वेगळ्या फोल्डरात नेते, तिथं तरी कुणी हात लावणार नाही. अक्काचे नमुने गेले ते गेलेच, पण पोरगीही चालली हातातनं, असं मला दिसत होतं. मग कुणाशी तरी भांडायला नको का? डिस्ट्रोमध्ये तोरडीचं पॅकेज सांभाळणारी बाई इरावती म्हणून, आजऱ्यात राहते, एवढं कळलं. सकाळची एसटी धरली.

काजूच्या कारखान्यामागं तिचं घर. ओसरीवर लॅपटॉप, शेजारी सुपात सोललेले काजू. पन्नाशीची बाई, चष्मा केसांत खोचलेला.

"कोण पावणं?" तिनं विचारलं.

"तुमचं अपडेट जिच्या घरावरनं गेलं, तिचा भाऊ."

"बसा की. उभ्यानं भांडला तर दम लागंल."

तिनं ताटली पुढं केली. आता मी घरनं राग घेऊन निघालो होतो, पण आजऱ्याचा काजू तोंडात असताना माणसाला ओरडता येत नाही. ओरडण्यासाठी तोंड रिकामं व्हावं म्हणून मी भराभर खायला लागलो, आणि ती भराभर वाढायला लागली. अशा तीन ताटल्या राग मी खाल्ला, आणि खाता खाता हुपरीतल्या अक्काच्या फळीपासनं सगळं सांगूनही टाकलं.

"आता मला सांगा," शेवटी मी म्हणालो, "लोकांच्या घरातलं सामान न विचारता बदलायचं, ही कुठली रीत?"

"लोकांच्या घरातलं? दादा, यूएसआर आमचं कपाट. तुमच्या अक्कांनी त्यांचा दागिना आमच्या कपाटात ठिवला. आमी सणाला आमचं कपाट आवरलं."

"मग आमचं कपाट कुठाय?"

"यूएसआरच्याच आत, लोकल नावाचं. त्यात आमचं पॅकेज एक फाईल टाकत न्हाय. झाडत न्हाय, पुसत न्हाय, आत काय हाय ते उघडून बघतसुद्धा न्हाय. मशिनच्या मालकानं स्वतःच्या हातानं काय बसवलं, काय बदललं, ते त्याचं. मी पंधरा वर्सं पॅकेजं करते, पण लोकलच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला न्हाय कधी."

मला हे आवडलं. फौंड्रीत माझ्या टेबलाचा खालचा ड्रॉवर तसाच होता. कंपनीच्या ऑडिटवाल्यांनी अख्खं स्टोअर उलटंपालटं केलं तरी त्या ड्रॉवरला हात लावला नाही. त्यात माझा तंबाखू असायचा.

"आनि ऑप्ट?" मी विचारलं. "आमची पोरगी म्हणती सगळं ऑप्टमधी न्हेते."

"ऑप्ट म्हंजे बिऱ्हाड घेऊन आल्याला भाडेकरू. चूल त्येची, गादी त्येची, मोरी त्येची, सगळं एका खोलीत. बाहेरच्या कंपन्या त्यांचं सॉफ्टवेअर देत्यात तवा त्यास्नी ते बरं पडतं. पण तोरडी भाडेकरू न्हाय दादा. तोरडी घरातली हाय. तिची तार एका दारात, घुंगरू दुसऱ्या दारात, तसंच ऱ्हायला पायजे. हुपरीच्या माणसानं मला ह्ये विचारावं?"

मी रिकामी ताटली तिच्याकडं सरकवली.

मग तिनं कागद घेतला आणि दोन भिंती काढल्या. म्हणाली, शांभवीला सांगा, तोरडीनं नमुना शोधताना आधी लोकलमधल्या शेअरमध्ये बघायचं. तिथं असला तर तोच घ्यायचा. नसला तर आमच्या शेअरमधला. नाव एकच, भिंती दोन. आधी नजर जाते ती भिंत अक्कांची. आम्ही आमच्या भिंतीवर काय पाहिजे ते बदलू, अक्कांच्या खिळ्याला धक्का लागणार नाही. लई प्रोग्रॅम असंच करतात.

"आनि जे गेलं ते?"

तिनं चष्मा केसांतनं काढून डोळ्यांवर लावला. उगाच. "ते माझ्याकडं न्हाय, दादा. कुणाकडंच न्हाय. मिळालं तर ठेवायला जागा पक्की असंल, एवढं मी बघते."

निघताना तिनं माझ्या पिशवीत अक्कासाठी काजू भरले आणि हात जोडून म्हणाली, "दादा, तुमच्यासारखा माणूस जगातल्या सगळ्या डिस्ट्रोंचे नियम लिवायला पायजे व्हता."

"असं म्हणली ती?" वीरेशनं विचारलं.

"डोळ्यांनी म्हणाली," मी म्हणालो.

"आनि काजू आज्जीपर्यंत पोचले का?" शांभवीनं विचारलं.

मी पुढं निघालो. शांभवीनं तो बदल केला. इरावतीनं तपासून आठ दिवसांत घेतला. लोकलमध्ये तोरडीचं फोल्डर तयार झालं. सारवून ठेवलेली मोकळी खोली. आता खोली होती, खिळे होते, आणि अडकवायला काही नव्हतं.

आता कानांकडं येऊ.

नमुने कॉम्प्युटरातनं गेले, फळीवरनं गेले. पण साठ वर्षांत अक्कानं घडवलेल्या तोरड्या कुठं होत्या? बायकांच्या पायांत. कागल, हातकणंगले, गडहिंग्लज, पार निपाणीपर्यंत. आणि अक्काच्या प्रत्येक नमुन्याला स्वतःचा आवाज आहे. लहानपणी मी तिच्या मांडीजवळ बसून घुंगरांत बारीक खडे टाकायचो, मला ठाऊक नसायला काय झालं? जोंधळी नावाची चालली की दोन खालचे सूर आणि एक वरचा. गव्हाची खसखसते. कैरी आधी थांबते, मग वाजते, लाजल्यासारखी.

मी कोल्हापूरच्या स्टँडवर गेलो. हुपरीची गाडी लागते तिथल्या बाकड्यावर डोळे मिटून बसलो. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी एका बाईनं मला भीक घातली. तिसऱ्या दिवशी सकाळी समोरनं पाऊल गेलं आणि मी डोळे न उघडता म्हणालो, "बाई, जोंधळी. पायाला सोळा कड्या, अकरा घुंगरं, डाव्या पायातल्या एका घुंगरात खडा न्हाय." बाईनं छत्री उगारली. मग वाकून मोजलं. मग ती छत्री मिटून माझ्या पाया पडली.

मी वहीत लिहिलं, संध्याकाळी शांभवीनं लोकलमध्ये अडकवलं, आणि अक्का पडद्याजवळ जाऊन बोलली, "व्हय. ह्योच." पाच आठवड्यांत पहिल्यांदा तिनं त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

मग मला थांबवतोय कोण! सातवा नमुना मी फोनवर ओळखला. इचलकरंजीला पावण्यांकडं फोन लावला होता, पलीकडं सून स्वयंपाकघरातनं पाणी घेऊन आली, मी म्हणालो, "तुमचं बोलणं ऱ्हाऊ द्या, तिला परत एकदा चालायला सांगा." पंधरावा पंचगंगेच्या घाटावर, पाण्याखाली.

"पाण्याखाली?" वीरेश.

"बाई पाण्यात पाय सोडून धुणं धूत होती. आवाज बुडबुड्यांतनं वर येतो. एकेक बुडबुडा फुटला की एकेक घुंगरू. मोजायला उलट सोपं."

बाविसावा नमुना बाईच्या पायात नव्हताच. कागलजवळ एका माणसानं रेडकाच्या गळ्यात बांधला होता. मी म्हणालो, आमच्या अक्कानं म्हशीची साखळी म्हणून नाव ठेवलं होतं ते दुसऱ्या नमुन्याला, याला नव्हे, सोड तो. रेडकू माझ्यामागं गावाच्या वेशीपर्यंत आलं.

हॉलमध्ये आता माणसं पोट धरून हसत होती. वायर आणायला गेलेला केव्हाच परत येऊन, वायर गळ्यात घालून दाराशी बसला होता. शांभवी तोंडावर ओढणी धरून हसत होती. या पोरीला फेब्रुवारीनंतर मी असं हसताना बघितलं नव्हतं, म्हणून म्हटलं, आता सोडायचं नाही. शेवटचा राहिलाय.

ज्येष्ठ लागेपर्यंत चाळीस झाले होते. राहिला एक्केचाळिसावा. शेवंती. अक्काचा सगळ्यांत नाजूक नमुना. ती म्हणायची, बाकीचे चाळीस मी केले, शेवंती माझ्या हातनं झाली. महिनाभर मी स्टँड, बाजार, दवाखाना, जत्रा सगळं ऐकून काढलं. नाही म्हणजे नाही. आणि मग पन्हाळ्याला पावण्यांतल्या राजवर्धनच्या लग्नाला गेलो.

तुम्ही पन्हाळ्याला आमच्या पावण्यांचं लग्न बघितलं नसेल. एकीकडं हलगी, एकीकडं बॅंड, मधे भिंतीएवढे स्पीकर. शेजारच्या माणसाला मीठ मागायचं तर चिठ्ठी लिहावी लागत होती. पाचशे माणूस. मी जिलबी हातात धरून बसलो होतो. आणि त्या सगळ्या धडधडीतनं, अगदी बारीक, लांबनं, कानात आलं... झिण्ण. थांबून परत, झिण्ण.

"हॉलमधी कुणी हलू नका," मी म्हणालो, आणि खरंच कुणी हललं नाही.

जिलबी तशीच हातात. डोळे मिटले. पाचशे माणसांतनं, पंगतीतनं, वाढप्यांच्या मधनं, त्या आवाजामागं निघालो. झिण्ण. डावीकडं. झिण्ण. मांडवाच्या खांबापाशी. तिथं आवाज थांबला, मी थांबलो. डोळे उघडले. समोर भैरवी! आमच्या पावण्यांतलीच, कोल्हापुरात दवाखान्यात नर्स आहे. ताट घेऊन उभी. खाली बघितलं, आणि पायांत शेवंती! वाजत होती!

टाळ्या पडल्या. वीरेशनं उभं राहून वाजवल्या. मी हात वर करून टाळ्या घेत होतो, तेवढ्यात पहिल्या रांगेत अक्का शांभवीच्या खांद्यावर हात टेकून उठली. टाळ्या थांबल्या.

"बसू."

"काय अक्का?"

"भैरवी नर्स हाय न्हवं?"

"हाय की."

"तिच्या पायाचा आवाज वॉर्डात व्हऊ नये, निजल्याली माणसं जागी व्हऊ नयेत, म्हणून तिच्या शेवंतीला म्या एकसुदीक घुंगरू लावलं न्हवतं. मुकी तोरडी हाय ती. झिण्ण कुठनं आलं रं, लबाडा? आनि तिच्या घरचा पत्ता तुला म्याच दिलता! चार म्हैनं उन्हातान्हात दारोदार फिरलास, बायकांच्या उंबऱ्याशी बसून, चष्मा पुसत, एकेक कडी मोजून वहीत काढून आणलीस, ते खरं सांगायला तोंड दुखतंय व्हय तुझं?"